रेवणच्या डोक्यावरचं आपलं भांडण

अक्का, आधी एक सांगून ठेवते. तुम्ही गेलात म्हणून मी भांडण सोडलं, असं समजू नका. अर्धं भांडण टाकून उठायची तुमची सवय जुनीच. मी तावातावानं बोलत असायची आणि तुम्ही मधेच "म्हशीला पाणी दावायचंय" म्हणून चालू लागायचात. पण म्हशीला पाणी दाखवून तुम्ही परत यायचात. मला न विचारता माझ्यापुढं चहाचा कप ठेवायचात आणि वर म्हणायचात, "हं, कुठवर आलतीस?" मग जिथं सोडलं तिथून आपण पुन्हा सुरू व्हायचो. या वेळी कप नाही, काही नाही. असं वागतात का कुणी?

घरात माणसांची रीघ लागलीय. जो येतो तो म्हणतो, शांताक्का म्हंजे गरीब गाय होती. मला रडता रडता हसू फुटलं. गाय! करजगीला दिलं होतं तुम्हाला. पहिल्याच दिवाळीला सासू काहीतरी टाकून बोलली, तर तुम्ही ट्रंक उचलून भालकीजवळच्या आपल्या मेहकरला परत आलात आणि पुन्हा जन्मात तिकडं तोंड केलं नाहीत. नवरा न्यायला आला तेव्हा त्याला पोटभर जेवू घातलंत आणि एकट्यालाच बसमध्ये बसवून दिलंत. ही गाय होय? मी लग्न होऊन उदगीरकडून या घरात आले तेव्हा माझी आई कानात सांगत होती, "नणंद घरातच हाय, दमानं घे." मी काही दमानं घेतलं नाही, तुम्हीही घेतलं नाहीत. आपलं जमलं ते त्यामुळंच.

बाकी भांडणं आली आणि गेली. चूल, म्हैस, मीठ, पाहुणे. एकच भांडण तेवढं कधी मिटलं नाही. माझ्या रेवणच्या, म्हंजे तुमच्या लाडक्या भाच्याच्या डोक्यावरून. ते मिटवायला तरी थांबायचं होतं.

भालकीच्या सरकारी दवाखान्यातली ती सकाळ मला अजून दिसते. बाळंतपण पार पडलं, मुलगा झाला, आणि तुम्ही वाटीत तेल कोमट करून पदराखाली झाकून घेऊन आलात. गावात कुणाचंही पोर जन्मलं की टाळू भरायला तुम्हालाच बोलावणं यायचं. मग स्वतःच्या घरचं पोर म्हटल्यावर काय विचारता! सिस्टर म्हणाली, थांबा जरा. तुम्ही कसल्या थांबताय? दुपटं बाजूला केलंत, बोटं तेलात बुडवलीत आणि हात तसाच वरच्यावर राहिला.

टाळूवर कातडीच नव्हती. बाकी पोर कसं छान, हातापायाची बोटं नीट, नाक थेट तुमच्यावर गेलेलं. आणि डोक्याच्या मधोमध, पार माझ्या तळव्याएवढी जागा नुसती लाल आणि ओली. वर सायीसारखा पातळ पापुद्रा आणि त्याच्याखाली काहीतरी धडधडायलेलं. मी किंचाळले का काय ते मला आठवत नाही. तुम्ही तेलाची वाटी खिडकीत ठेवलीत, वाकलात आणि त्यालाच म्हणालात, "घाई केलीस व्हय रं? टोपडं घालायच्या आधीच आलास."

पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू लगेच बोलली, "गिराणात काहीतरी चिरली असंल हिनं." ग्रहणात भाजी चिरली की पोटातल्या पोराला खोट येते, हे मी माहेरापासून ऐकत आलेली. मला उठून बसता येत नव्हतं, दूध उतरलं नव्हतं आणि मनात एकच, चिरलं होतं का मी काही? तुम्ही त्या बाईकडं वळलात. "कामून गं, तू पाह्यलीस का चिरताना? आमच्या घरात भाजी मी चिरते. हिला धड भेंडी चिरता येत न्हाई. काय घालायचंय ते माझ्यावर घाल." बाईनं तोंड भिंतीकडं केलं. माझ्या भेंडीला त्या दिवशी नावं ठेवलीत, ते मी तुम्हाला माफ केलंय अक्का. बाकीच्या वेळचं नाही.

भालकीहून पोराला बीदरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं मलम लावलेली ओली जाळी त्या जागेवर ठेवली, अजिबात सुकू देऊ नका म्हणाला आणि गुलबर्ग्याला धाडलं. तेव्हा आपण गुलबर्गाच म्हणायचो, कलबुर्गी नंतर झालं. तुमचे भाऊ, म्हंजे आमचे हे, शेतातून निघून बीदरला पोचले तेव्हा पायाचा चिखलही वाळला नव्हता, तसेच गाडीत बसले. हुमनाबादच्या पुढचा रस्ता असा की, दर खड्ड्याला तुम्ही पोराचं डोकं हातावर उचलून धरत होतात आणि ड्रायव्हरला कानडी, दखनी, मराठी, तोंडाला येईल त्या भाषेत शिव्या देत होतात. तो बिचारा शेवटी म्हणाला, "अम्मा, रोड मैं नै बनाया." आज ते आठवलं की हसू येतं. तेव्हा मी पोराच्या डोक्यावरून नजर हलवत नव्हते.

तिथल्या मुलांच्या सर्जनना आपण 'उंच डॉक्टर' म्हणायचो. दारावर नाव होतं, पण कानडीत. तुम्हाला कानडी बोलता यायची, वाचता नाही. मला तर दोन्ही नाही. ते कमरेत वाकून, पोराच्या उंचीला येऊन बघायचे. ते सांगत होते आणि तुम्ही मला मराठीत करून सांगत होतात, मधे मधे पदरचंही घालत होतात. एखाद्या पोराला पोटात असतानाच एखाद्या जागी कातडी येत नाही. आईनं काही केलं म्हणून नाही. हे वाक्य डॉक्टर एकदाच बोलले असतील, तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगितलंत. जागा लहान असली तर मलमपट्टीनंच भरून येते. रेवणची मोठी होती. खालचं हाडही मधोमध धरलेलं नव्हतं आणि बरोबर त्याच्याखालून रक्ताची मोठी शीर जाते. वरचा पापुद्रा सुकून फुटला तर रक्त थांबवणं अवघड. नाही फुटला तरी जंतू आत शिरायची भीती, थेट मेंदूकडं. म्हणून ऑपरेशन करू म्हणाले.

तुम्ही विचारलंत, "ठिगळ लावणार व्हय?"

ते म्हणाले, ठिगळ नाही. शेजारचीच केसाची कातडी तीन बाजूंनी सोडवायची, चौथी बाजू तशीच धरून ठेवायची आणि वळवून या जागेवर आणायची. जिथून आणली तिथं उघडं पडेल, तिथं मात्र मांडीची पातळ साल काढून लावायची. त्या ठिकाणी पुढं केस येणार नाहीत.

"म्हंजे पाटाचं पाणी वळवल्यासारखं," तुम्ही म्हणालात. "पाट तोडायचा न्हाई, नुस्तं तोंड फिरवायचं."

"हौ," डॉक्टर म्हणाले. "तोडला की पुढचं सगळं वाळणार."

तुम्हाला पटलं. मला नाही. मी म्हणाले, एवढंसं पोर, त्याला भूल देणार, डोकं चिरणार, उठलंच नाही तर? मी मलम लावत बसेन, पण आत न्यायला देणार नाही. तुमचे भाऊ एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा तुमच्याकडं. आपण व्हरांड्यात उभ्या राहून एवढ्या भांडलो की शिपाई दोनदा येऊन गप करून गेला. शेवटी मी म्हणाले, "अजून नावसुद्धा ठेवलं न्हाई वो त्याचं. बिननावाचं पोर आत पाठवू?"

तुम्ही पदर खोचलात. मग म्हणालात, "आत्या हाय की मी इथं. इकडं आण."

आणि तिथंच, फिनेलच्या वासात, तुम्ही त्याला मांडीवर घेतलंत, कानाशी तोंड नेलंत आणि नाव सांगितलंत. रेवणसिद्ध. आम्हाला दोघांना विचारलं पण नाहीत! "झालं बारसं. आता जाऊ दे आत." आत्याच्या पाठीत बुक्के मारायला बायका लागतात. तिथं मी एकटीच होते, म्हणून मीच मारला. रडत रडत मारला आणि जरा जोरातच मारला. तुम्ही नुसतं वळून बघितलंत.

दार बंद झालं. तुमचे भाऊ पायरीवर बसून राहिले. तुम्ही मला कोरड्या भाकरीचा तुकडा जबरदस्तीनं खायला घातलात, कारण त्याला उठल्यावर दूध लागणार होतं. उठल्यावर, असंच म्हणत होतात तुम्ही, नाही उठला तर असं एकदाही नाही. किती वेळानं कोण जाणे, त्याला बाहेर आणलं. डोक्याला एवढं मोठं बांधलेलं आणि खाली इवलंसं तोंड. मला बघवेना. तुम्ही म्हणालात, "आमच्या अप्पासारखं दिसायलंय की गं." तुमचे अप्पा मेंढरांमागं जाताना बांधायचे तसलं मुंडासं.

अक्का, लोकांना सांगितलं तर वेड्यात काढतील, पण दवाखान्यातले त्यानंतरचे दिवस मला फार आवडायचे. भीती होती, नाही असं नाही. पण तशी मी पुन्हा कधी कुणाबरोबर राहिले नाही. त्याच्या डोक्याच्या वळवलेल्या बाजूवर भार पडायला नको होता. सिस्टरनं कापूस आणि पट्टी गुंडाळून गोल कडं करून दिलं, त्यात डोकं ठेवायचं. तुम्ही ते हातात घेऊन फिरवून बघितलंत, "ही तर चुंबळ!" आणि वॉर्डभर सांगत सुटलात की आमचं पोर आतापासून चुंबळ घ्यायलंय, थोरपणी घागरी वाहील. तरी ते चुंबळीवर फार वेळ राहायचं नाही, रडायचं. मग आपण आळीपाळीनं हातावर धरायचो. तुमच्या हाताला मुंग्या आल्या की तुम्ही सांगायच्या नाहीत, नुसत्या शिव्या वाढायच्या. त्यावरून मी ओळखायची आणि पोर घ्यायची. खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं. दुपारी त्याची सावली खाटेवर यायची, तुम्ही पाय पसरून खाली बसायचात आणि करजगीच्या सासूची नक्कल करून दाखवायचात. हसताना माझे टाके दुखायचे. एवढी मी तिथं हसले.

आणि ती तीट! तीट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पट्टी सोडली होती. डोकं उघडं ठेवून वर नुसतं मलम लावायचे. उंच डॉक्टरनी आपल्याला समजावून सांगितलं होतं की वळवलेली कातडी गुलाबी राहिली तर ती जगली. निळी पडली तर लगेच हाक मारा. टोकाला काळी पडली तर तेवढी मेली, पुन्हा आत न्यावं लागेल. मी दिवसभर त्या टोकाकडं बघत बसायची. डॉक्टर रोज शिकणारी पोरं-पोरी घेऊन यायचे, ती सगळी वाकून वाकून बघायची, आणि तुम्ही कोपऱ्यात उभ्या राहून पुटपुटायचात. मला वाटायचं देवाचं काहीतरी म्हणताय.

एका सकाळी तुम्ही चहाला गेला होतात. राऊंडला आलेल्या छोट्या डॉक्टरीणबाईनं डोकं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. टोकाला काळं होतं. ती पळत गेली. उंच डॉक्टर आले, नुसतं लांबून बघून म्हणाले, दूध बंद करा, थिएटरला सांगा. मला कानडी येत नाही, पण ते मला कळलं. रेवण भुकेनं रडत होता आणि मी त्याला घ्यायचं सोडून खाटेचा दांडा धरून उभी. सगळं संपलं, असंच वाटलं. डॉक्टरनी ओली जाळी घेतली, किती खोल गेलंय ते बघायला टोकाला हळूच टेकवली, आणि काळं जाळीला आलं. खाली गुलाबी. त्यांनी पुन्हा पुसलं. अजून गुलाबी. मग त्यांनी ती जाळी नाकाशी नेली. एरंडेल आणि कापूर.

"इदु यारु हच्चिद्रु?" त्यांनी विचारलं. हे कुणी लावलं?

तेवढ्यात तुम्ही चहाचा तांब्या घेऊन आत आलात. गर्दी बघितलीत, जाळी बघितलीत. घाबरावं की नाही माणसानं! "मी लावलं," म्हणालात. "तुमी रोज एवढी पोरं आणून दाखवायलाव. सगळी वाकून त्याच जागेकडं बघायलेत. नजर लागंल न्हाई तर काय हुईल? जिथं बघतात तिथंच तीट लावावं लागतंय."

मग त्यांनी तुम्हाला जे झापलं! काजळात जंतू असतात, जखम अजून कच्ची आहे, पुन्हा डोक्याला बोट लावलंत तर वॉर्डाबाहेर काढीन. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मी तुम्हाला त्यापूर्वी कधी मान खाली घालून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ओरडून झाल्यावर ते स्टुलावर बसले आणि त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले. "तीट लावायचीच असंल तर तळपायाला लावा अम्मा. तिथं माझी पोरं बघत न्हाईत." दुसऱ्या दिवसापासून राऊंडला आले की आधी दुपट्यातून पाय बाहेर काढून तळवा बघायचे, तीट आहे म्हटल्यावर मान हलवायचे आणि मग डोक्याकडं वळायचे. मी मात्र तुमच्याशी दिवसभर बोलले नाही. तुम्ही चहा आणून ठेवलात, तो मी निवू दिला. मग प्यायले, वाया कशाला घालवा.

कातडी जगली. घरी निघताना डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी डोक्याला वस्तरा लावू नका, हाड हळूहळू आपोआप धरेल. तुम्ही विचारलंत, काही हुणार न्हाई ना? ते म्हणाले, "एनू आगंगिल्ला." काही होणार नाही. ते तुम्ही एवढं पाठ केलंत की पुढं म्हैस आजारी पडली तरी तेच म्हणायचात.

भांडण सुरू झालं ते दोन वर्षांनंतर. जावळाचं. माझा भाऊ उदगीरहून नवे कपडे घेऊन आला, भाच्याला मांडीवर घेऊन बसायचं, वस्तरा लावायचा, देवाला केस द्यायचे. तुम्ही पुरण घातलेलं. आणि मी आयत्या वेळी पोराला घेऊन खोलीत शिरले आणि कडी लावली. वस्तरा लागणार नाही म्हणजे नाही. "डॉक्टरनं दोन वर्सं म्हणलंते, जन्मभर न्हाई," तुम्ही दाराबाहेरून ओरडत होतात. मी आतून ओरडत होते. माझा भाऊ पुरणपोळी खाऊन गेला, जावळ राहिलं ते राहिलंच.

खरं कारण वस्तरा नव्हता, हे तुम्ही ओळखलं होतंत. केस काढले की मागची ती बिनकेसाची जागा उघडी पडणार, वळवलेल्या कातडीची रेघ दिसणार. केस वाढवून वरून फिरवले की काही कळायचं नाही. मी तसंच केलं. आमच्या न्हाव्याला घरी बोलावून कात्रीनंच कापायला लावायची, मी समोर उभी राहायची. शाळेत टोपी. जत्रेत टोपी. तुम्ही म्हणायचात, "सुमन, ती काय चोरीची चीज हाय का, झाकून ठेवायला?" मी म्हणायची, पोरं टकल्या म्हणून चिडवतील. "चिडवू दे की. मी नांदली न्हाई म्हणून मला काय काय म्हणले लोक. मेले का मी?" तुमचं म्हणणं वेगळं हो अक्का. तुमची कातडी जाडच होती. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. आई झाकणारच.

तपासायला गुलबर्ग्याला मात्र आपण दोघीच जायचो त्याला घेऊन. एका वर्षी उंच डॉक्टरनी टाळूवर अंगठा दाबून बघितलं आणि तुमचा अंगठा धरून तिथं ठेवला. हाड धरलं होतं. टणक. तुम्ही मग माझा अंगठा ठेवलात. बसस्टँडवर आपण तिघांनी मिरची भजी खाल्ली आणि रेवणला तिखट लागलं म्हणून तुम्ही भजीवाल्याशी भांडलात.

पुढं तिथं नवे डॉक्टर आले. त्यांनी फुग्याचं सांगितलं. केसाच्या कातडीखाली पिशवी बसवायची, आठवड्याला थोडं थोडं पाणी भरायचं, कातडी ताणून वाढली की ती ओढून बिनकेसाची जागा झाकायची. मला हे ऐकून एवढा आनंद झाला! तुम्ही म्हणालात, पोराच्या डोक्यावर दोन-तीन महिने टेंगूळ वागवायचं, कशापायी? पाय मोडलाय का त्याचा? आधी दहावीचं वर्ष म्हणून लांबलं, मग डिप्लोमा, मग बीदरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागला. यंदा मी मनावर घेतलं होतं. आता मुली बघायच्या, त्याच्या आधी हे उरकून टाकू. त्या दिवशी सकाळी तेच चाललं होतं आपलं. तुम्ही म्हणालात, "त्याला इचारलीस का?" मी म्हणाले, त्याला काय विचारायचं, त्याला काय कळतं? "डोकं कुणाचं हाय गं?" म्हणालात आणि म्हशीला पाणी दाखवायला उठलात.

गोठ्यातच बसलात छातीला हात लावून. भालकीला पोचेपर्यंत सगळं झालं होतं. भांडणानं गेलात असं मी मानत नाही. भांडणानं मरायचं असतं तर आपण दोघी कधीच मेलो असतो.

काल दहावा झाला. ओढ्यावर भावकीतले पुरुष ओळीनं बसले, न्हावी एकेकाचं डोकं करत पुढं सरकत होता. आम्ही बायका लिंबाखाली. रेवणपाशी आल्यावर न्हावी थांबला, त्याला सगळं ठाऊक. माझ्याकडं बघितलं आणि पुढच्याकडं जायला लागला. रेवण म्हणाला, "काका, माझं राहिलं की."

मी तिथून ओरडले, "त्याचं नको! आत्यासाठी भाच्यानं केस काढलेच पाह्यजेत असं कुठं हाय? कात्रीनं चार घ्या शेंड्याचे, झालं!" सगळी माणसं वळून बघायला लागली. रेवणनं टोपी काढून बाजूला ठेवली. "आई, डोकं माझं हाय," म्हणाला. चिडून नाही, साध्या आवाजात. ज्याला विचार म्हणून तुम्ही सांगत होतात त्यानं न विचारता सांगून टाकलं. मी पुन्हा खाली बसले. काय करणार?

न्हाव्यानं पाणी लावलं. केस पडायला लागले. मागच्या बाजूला आल्यावर त्याचा हात हळू झाला. मला डोळे मिटायचे होते, पण मिटले नाहीत. मग रेवण ओढ्यात डोकं धुऊन वर आला, आणि सगळं उघडं, भर उन्हात. टाळूवरून कानाकडं गेलेली ती वाकडी रेघ. मागं चानकीएवढी, छोट्या भाकरीएवढी गुळगुळीत जागा, उन्हात चमकणारी. एका चुलत्यानं विचारलं, "हे कशाचं रं?"

"जन्मताच कातडी कमी पडलती काका. डॉक्टरनं इकडची तिकडं वळवली."

"दुखतंय का?"

"न्हाई."

"बरं," म्हणाले चुलते, आणि भालकीची जीप किती वाजता आहे ते विचारायला लागले.

झालं! एवढंच. इतकी वर्षं मी जे कुणाला बघू दिलं नाही ते लोकांनी एवढ्यात बघून टाकलं. मला बरं वाटायला पाहिजे होतं की नाही? मला राग आला. नीट बघा की, म्हणावंसं वाटलं. त्या कातडीला पहिले टाके घातले तेव्हा ती विड्याच्या पानाएवढी होती. ती त्याच्याबरोबर वाढली, त्याच्या बापाएवढ्या थोरल्या डोक्यावर पसरली. मूळची कुठं संपते आणि वळवलेली कुठं सुरू होते ते आता कुणाला दाखवता येणार नाही. मला येतं. हाताला पाठ आहे.

तो पायवाटेनं वर यायला लागला, ओल्या डोक्यानं, टोपी न घालता. आणि मला एकदम भरून आलं अक्का. पोर जगलं, असं वाटलं. मला एवढ्या वर्षांनी काल वाटलं बघा, पोर जगलं. मी सवयीनं तुमच्याकडं मान वळवली. "बघा की वो, कसं धरलंय ते," म्हणूनही झालं होतं.

शेजारी भावकीतली एक बाई उभी होती. "काय म्हणलाव?" तिनं विचारलं.

काही नाही, म्हणाले मी.